शुजीचा आवाज

"हा शुजी पहिल्या एपिसोडपासून जसाच्या तसा आहे बे. निसता जळकुटा. याची काही डेव्हलपमेंटच नाई." हिंगण्याकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचा विहंग, स्टोअरमधला पोरगा, शेजारच्याला हे सहज बोलून गेला आणि मागे बसलेल्या संघपालच्या घशाशी सकाळचे तर्रीपोहे आले. शुजी हा एका जपानी कार्टूनमधला पोहणारा मुलगा. अॅनिमे म्हणायचं त्याला, कार्टून म्हटलेलं विहंगच्या वयाच्या लोकांना खपत नाही. 'चौथी लेन' नावाची मालिका, रिलेत पोहणाऱ्या चार शाळकरी पोरांची. तिच्यातले तुकडे नागपुरी बोलीत डब करून दोघे मित्र इंटरनेटवर टाकायचे आणि लोक ते जेवताना, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात बसल्या बसल्या बघायचे. त्या दोघांतला एक संघपाल होता. संवाद तोच लिहायचा आणि शुजीचा आवाजही त्याचाच होता. बसमधल्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं. व्हिडिओच्या खाली नावं असायची, पण खालची नावं वाचतं कोण? त्याने आपण होऊन सांगितलं नव्हतं, कारण कोणीतरी आपला आवाज ऐकून मागे वळावं आणि 'अरे, तुम्ही तर शुजी!' म्हणावं अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी तो अधूनमधून बसमध्ये गरज नसताना मोठ्याने बोलायचाही. ड्रायव्हरला खिडकीबद्दल काही सांग, कोणाला शिफ्ट विचार. अजून कोणी वळलं नव्हतं. "अन् हा कैतो पाय," विहंग फोन शेजाऱ्याच्या नाकाशी नेत म्हणाला, "याचा आवाज ऐकला का पोटात कालवते लेका." फोनमधून कैतो बोलत होता, म्हणजे प्रशिक बोलत होता, आणि विहंगने खरोखर डोळ्याच्या कडेला अंगठा लावला. संघपालने डब्याची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचे ओठ ते वाक्य आवाज न करता बोलून गेले.

ही ओठ हलवायची खोड त्याला जुनीच होती, लिखाणाने ती वाढवली. डबिंगचे संवाद कागदावर चांगले असून भागत नाही, ते चित्रातल्या तोंडात बसावे लागतात. तोंड उघडलं असताना शब्द संपला तर बघणाऱ्याला दाताखाली खडा आल्यासारखं होतं. म्हणून संघपाल प्रत्येक वाक्य मुक्याने बोलून बघायचा, बसमध्ये, मशीनपाशी, जेवताना, पुन्हा पुन्हा, आणि हळूहळू मनातलं काहीही ओठांनी बोलायची ती सवय पक्की झाली. रोशनी, त्याची बायको, त्यावरून त्याची थट्टा करी. "कोणाले शिव्या देऊन राहिले जी? मले असन तर मोठ्यानं द्या." तो म्हणायचा, "संवाद जमवून राहिलो वं." अर्ध्या वेळा ते खरं असायचं.

डेव्हलपमेंट नाही! शिफ्ट सुरू झाली, गेज लावून एकामागून एक लोखंडी बुशांची मापं घेऊन झाली, तरी तो शब्द डोक्यातून जाईना. त्या दिवट्याला काय ठाऊक, मूळ मालिकेत सगळ्यात जास्त बदलतो तो शुजीच. कैतो पहिल्या भागापासून पहिला येतो आणि शुजी दुसरा. कैतोच्या पाठीवरचं पाणी बघत बघत हा पोहतो आणि मनातल्या मनात त्याचं वाईट चिंतितो. पण मग भागागणिक त्याच्यातलं काहीतरी सैल होत जातं. एकदा तो कैतोचा तळाशी गेलेला चष्मा बुडी मारून काढतो आणि कोणी बघत नसताना त्याच्या टॉवेलवर ठेवून देतो. एकदा रिकाम्या तलावाच्या काठावर पाय सोडून एकटाच रडतो आणि मग तोंड धुवून सरावाला उतरतो. जपानीत त्या पोराच्या आवाजाला इतकी बारीक कंपनं होती की संघपालने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रोशनीला दिसू नये म्हणून तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठून गेला होता. आणि हेच सगळे प्रसंग नागपुरीत आणताना त्याने काय केलं होतं? चष्मा ठेवताना त्याचा शुजी म्हणतो, "घे बे आंधळ्या, उद्या भित्तीले टक्कर देशीन." रडताना म्हणतो, "कांदा कोणं कापला बे इथं?" लोक खो खो हसले होते. संघपालने स्वतःला समजावलं होतं की आपल्या लोकांना हसायला लागतं, रडारड कोण बघतो. पण लोक कैतोवर रडतच होते की. प्रशिकच्या वाट्याची वाक्यं त्याने मूळ होती तशी, साधी आणि खोल, मन लावून लिहिली होती. पायाला पाणी लागलं की माणूस खरं बोलतो, असलं एखादं. स्वतःच्या पात्राची मात्र त्याने दर भागात, न्हाव्याने दाढी करावी तशी, सगळी हळवी लव सफाईने उतरवली होती.

कारण सोपं होतं आणि तो स्वतःशी ते कबूल करत नव्हता. माइक एकच होता. दोघे त्याच्या दोन बाजूंना उभे राहायचे, इतके जवळ की प्रशिकने दुपारी खाल्लेल्या बडीशेपेचा वास यायचा. तिथे उभं राहून, त्या तोंडाकडे बघत, शुजीची ती वाक्यं म्हणायची? 'मी तुझा हेवा करतो' हे, हेवा करणाऱ्याने, ज्याचा करतो त्याच्या तोंडावर? त्यापेक्षा कांदा बरा. आणि आता त्याला प्रशिकचा जेवढा मत्सर वाटत होता त्याहून जास्त शुजीचा वाटू लागला होता. चार रेघांनी काढलेलं पोरगं! त्याला बारा भाग मिळाले होते, मागे व्हायोलिन वाजत होतं, नेमक्या वेळी नेमकं ऊन पडत होतं, आणि बारा भागांत ते पोरगं जळकुट्याचा माणूस होऊन मोकळं झालं. इथे बारा वर्षं होत आली. सुंभ जळला तरी पीळ जळेना.

प्रशिक त्याला भेटला नंदनवनमधल्या विहाराच्या अभ्यासिकेत. दोघेही डिप्लोमाला होते. प्रशिक कामठीचा, शिक्षणासाठी मामाकडे येऊन राहिलेला. अभ्यासिकेत शांतता पाळायची असते हे त्याला माहीत होतं, पण जमत नव्हतं, कारण त्याचं सगळं लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं होतं आणि त्याची कुजबुज म्हणजे इतरांची हाक. पहिल्याच दिवशी त्याने संघपालला विचारलं, "पेन आहे का गा?" तर सगळी अभ्यासिका वळली. संघपाल तेव्हा पोहायचा. रोज पहाटे तलावावर, चड्डी-टोपी-चष्मा जामानिमा करून, जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरलेला, गळ्यात अजून पदक नाही पण पडायच्या बेतात. बाबांनी चौकातल्या लोकांना सांगून ठेवलेलं, आमचा संघपाल स्विमर आहे. एकदा त्याने प्रशिकला हौसेने तलावावर नेलं. आपण पोहताना कोणीतरी ओळखीचं काठावर बसलेलं असावं, एवढाच हेतू. तर प्रशिक म्हणाला, "मी पण उतरू का गा? कन्हानमंदी पोहतो मी." आणि उतरला. नदीत पोहणाऱ्यांची ती वेडीविद्री ढब, डोकं पाण्यावर, हात फेकलेले, ना श्वासाचा हिशेब ना भिंतीवरची कोलांटी. संघपालने त्याला हसून घेतलं आणि शर्यत लावली. अर्ध्या लांबीला त्याने श्वासासाठी मान वळवली तर शेजारच्या लेनमध्ये प्रशिकचं तोंड, त्याच्याच रेषेत, आणि ते हसत होतं. दम लागलेलं नव्हतं, हसत होतं. पाण्याच्या पलीकडून ते दात. पुढच्या श्वासाला ते तोंड दिसलं नाही, पाय दिसले. काठावर कोच मारोतराव उभे होते. त्यांनी संघपालकडे बघितलंसुद्धा नाही. "हा कोणाचा पोरगा?" एवढंच विचारलं. प्रशिक नंतर पुन्हा कधी तलावावर आला नाही, त्याला क्लोरीनचा वास सोसेना. आला संघपालही नाही फारसा. अभ्यास वाढला, असं त्याने घरी सांगितलं. खरं म्हणजे मान वळवली की शेजारच्या लेनमध्ये ते हसणारं तोंड असणार, ही भीती रिकाम्या लेनमध्येही जाईना. शुजी मागे पडूनही पाण्यात राहिला होता. संघपाल बाहेर आला होता आणि अंग पुसून कोरडा झाला होता.

डबिंगची कल्पनाही मुळात त्याचीच. लॉकडाउनमध्ये कंपनी बंद, घरात बसून त्याने 'चौथी लेन'चा पहिला भाग तीनदा बघितला आणि गंमत म्हणून एका प्रसंगाचं नागपुरी केलं. कैतोला आवाज हवा होता म्हणून फोनवर प्रशिककडून दोन वाक्यं म्हणवून घेतली. त्या दोन वाक्यांनी पुढचं सगळं बिघडवलं. प्रशिकला वाक्य एकदा दाखवलं की पुरे, तो पडद्याकडे बघायचा आणि शब्द चित्राच्या तोंडात असे जाऊन बसायचे की जपान्याने कामठीतच जन्म घेतला असावा. संघपाल रात्ररात्र तोंडं उघडण्या-मिटण्याशी झटत बसायचा आणि हा बडीशेप चघळत उभ्या उभ्या करून टाकायचा. "कसं काय जमते गा तुले?" त्याने एकदा विचारलं होतं. प्रशिक हसला. "मागावर कोणी ऐकत नाई भाऊ, ओठं पायते. माय इकडून बोले, बाबा तिकडून. आवाज कोणाचाच नाई. मी शाळेत जाईपर्यंत मले वाटे, बोलणं म्हणजे पायाचीच चीज आहे." त्याची आई, प्रेमिलाबाई, तेव्हा दाराशी बसली होती. मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात उभं आयुष्य गेलेलं, कानाने आता अधू. संघपालने गंमत म्हणून आवाज न काढता ओठांनी विचारलं, 'जेवल्या का?' तर म्हातारी लगेच म्हणाली, "जेवली ना बाबू, भाजीत मीठ जास्त झालं होतं." तिघेही हसले. संघपालने ते घरी येऊन रोशनीला रंगवून सांगितलं आणि विसरून गेला. एखाद्याकडे देणगी असते आणि दुसऱ्याकडे कष्ट असतात, त्या दिवशी त्याच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

आणि गेल्या आठवड्यात मुंबईहून फोन आला. एका डबिंग कंपनीला कैतोचा आवाज हवा होता, पगारी, हिंदीत, मोठ्या कामासाठी. प्रशिकने ही बातमी सांगितली तेव्हा दोघे टपरीवर उभे होते. संघपाल म्हणाला, "भारी काम झालं गा!" आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप जरा जोरात बसली. मग प्रशिकच्या हातातला चहा सांडला म्हणून फडकं आणायला तो वळला आणि वळल्यावर त्याच्या ओठांनी एकटंच काहीतरी म्हटलं, जे म्हणायला तोंडात आवाज आणायची त्याची हिंमत नव्हती. टपरीत समोर दाढीचा आरसा टांगलेला होता. त्यात प्रशिक दिसत होता, त्याच्याकडेच बघणारा, थोडासा थकलेला. शनिवारी गाडी होती. शुक्रवारी शेवटचा तुकडा करायचा ठरलं, बाराव्या भागातला, शुजी आणि कैतोचा. "हा एक करून जातो," प्रशिक म्हणाला, "बाकी काही करो ना करो, हा एक तुह्यासंग करायचा आहे."

शुक्रवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर संघपाल बसमधून उतरला, मोटारसायकल काढली आणि कामठीच्या रस्त्याला लागला. खिशात घडी केलेला कागद होता. मूळ प्रसंग असा: रिले संपलेली आहे, कैतो काठावरून हात पुढे करतो, शुजी तो हात धरत नाही, लेनच्या दोरीला लोंबकळत पाण्यातच राहतो आणि म्हणतो की तुझ्या पाठीकडे बघत पोहून मी थकलो, तुझं वाईट चिंतलं, तू बुडावास असंही एकदा मनात आलं, पण ती पाठ पुढे नसती तर मी केव्हाच पाण्याबाहेर निघून गेलो असतो. मग तो तोंड मिटतो आणि हात धरतो. संघपालने हे पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. कागदावर त्याने लिहिलं होतं: "थांब बे, चड्डीची नाडी सुटली, बाहेर कसा येऊ?" ओठांना चांगलं बसत होतं. विहंग खो खो हसला असता. सकाळी डबा भरता भरता रोशनीने कागद वाचला होता आणि नेहमीसारखी हसली नव्हती. "तो जाऊन राहिला ना उद्या?" तिने विचारलं. "हाव." "मंग हे काय लिहून ठेवलं जी? जाणाऱ्या माणसाले नाडी?" तो चिडला होता. तुला डबिंगमधलं काय कळतं, असं काहीतरी बोलला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

प्रशिकच्या वडिलांच्या मागे घरचे दोन्ही माग भंगारात गेले होते. त्या रिकाम्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगून यांनी आपला स्टुडिओ केला होता. शुक्रवारी आजूबाजूच्या शेडमधले माग बंद असायचे, म्हणून रेकॉर्डिंग नेहमी शुक्रवारी. पण आज गल्लीच्या तोंडाशीच संघपालला खडखडाट ऐकू आला. शेजारच्या शेडला मोठी ऑर्डर होती, वेळेत द्यायची होती, माग चालू. खोलीत पाऊल ठेवलं तर गोधड्यासुद्धा थरथरत होत्या. प्रशिकने दोन्ही हात वर करून 'आता काय?' अशी खूण केली. बाहेरच्या पलंगावर त्याची बॅग भरून ठेवलेली होती, वर इस्त्रीचे दोन शर्ट. त्याच्या आईने संघपालला पाणी दिलं आणि ओठांनी काहीतरी विचारलं. त्याला ते कळलं नाही. त्याने नुसती मान हलवली.

संघपालला आधी वाटलं ते एकच: सुटलो. एवढ्या खडखडाटात रेकॉर्डिंग होणार नाही, शेवटचा तुकडा होणार नाही, त्याला माइकपाशी उभं राहायला नको. मग लगेच दुसरं वाटलं, की हा उद्या जाणार आणि तिकडे काचेच्या खोलीत, जिथे डास गुणगुणला तरी थांबवतात, तिथे उभा राहून बोलणार. लोक म्हणतील कामठीचा पोरगा, नदीत पोहायचा, मागावर वाढला. किती छान गोष्ट! त्या गोष्टीत संघपाल कुठे? काठावर, टॉवेल घेऊन. प्रशिक पाठमोरा उकिडवा बसून वायरी गुंडाळत होता. दर वेळेसारखीच त्याने संघपालच्या हेडफोनची वायर आधी नीट गुंडाळून बाजूला ठेवली. त्या पाठीवर शर्ट घामाने चिकटला होता. संघपाल त्या पाठीकडे बघत राहिला आणि मागांचा आवाज इतका होता, इतका भरभरून होता, की त्यात माणसाला स्वतःचंही ऐकू येत नव्हतं, आणि त्या आडोशाला त्याचे ओठ सुटले. जाय, तो म्हणाला. जाय एकदाचा. तू आला अन् माह्यं पाणी गेलं. मी लिहितो अन् लोकं तुह्यासाठी रडते. लेका, तुह्या गळ्यात काटा अडकावा असं वाटे मले. अन् तू नाई दिसला एखाद्या शुक्रवारी तर दिवस जात नाई माहा.

प्रशिक पाठमोरा नव्हता. केव्हा वळला कोण जाणे. हातात वायरीचं भेंडोळं धरून तो बसल्या जागेवरून वर बघत होता, पडद्याकडे बघायचा तसा, डोळे जरा बारीक करून, संघपालच्या तोंडाकडे.

संघपालने खिशातला कागद काढला आणि घाईघाईने पुढे केला. प्रशिकने तो वाचला, मान हलवली आणि घडी करून संघपालच्याच खिशात परत घातला. मग उठला, जवळ आला, आणि त्याच्या कानाला तोंड लावून, मागावरची माणसं ओरडतात तसा ओरडला, "हे नाई. आता म्हटलं ना, ते म्हण."

"काय म्हटलं?" संघपाल ओरडला. त्याला ओरडायची गरज नव्हती हे त्याच्या लक्षात आलं.

"पाणी गेलं म्हटलं. काटा म्हटला. अन् शुक्रवार." प्रशिकने पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा कानाशी तोंड नेलं. "तू कवापासूनच म्हणतो गा. विहारात पेन देल्ला तवापासून. टपरीवर पण म्हटलं, आरशात दिसलं मले. ओठं चालतेत तुहे, थांबतच नाई."

एकेक करून सगळे शुक्रवार संघपालला आठवू लागले. माइकच्या पलीकडे उभं राहून, प्रशिकचं वाक्य चालू असताना, आपण काय काय बोललो होतो. प्रत्येक टाळीनंतर, प्रत्येक फोननंतर, त्याच्या लग्नाच्या पंगतीत, त्याच्या बापाच्या मयतीहून येताना रिक्षात. त्या वेळीही काहीतरी बोललो होतो, तिकडे प्रशिकसाठी म्हणून चार माणसं जास्त आली होती एवढ्यावरून. मुक्याने बोललेलं कोणाला ऐकू जात नाही, या भरवशावर तो आयुष्यभर बोलत राहिला होता, आणि नेमका त्या एका माणसापुढे बोलत राहिला होता ज्याच्या घरी बोलणं म्हणजे मुक्याने बोलणं. रोशनीला कळलं नसतं, बाबांना नाही, सगळ्या बसला नाही. कळलं असतं ते यालाच.

"मंग बोलला काहून नाई इतके वर्षं?" त्याने विचारलं. आवाज काढलाच नाही, नुसतं विचारलं.

प्रशिकने भेंडोळं खाली ठेवलं. "मले वाटे," तो कानात ओरडला, पण आता पूर्वीइतकं जोरात नाही, त्यामुळे शब्द मागांतून निवडून घ्यावे लागले, "मले वाटे, तू लिहिशीन एखाद्या एपिसोडमंदी."

तो दर शुक्रवारी वाट बघत होता. कांदा वाचून हसायचा, नाडी वाचून हसला असता, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा दार उघडून हेडफोनची वायर आधी संघपालची लावायचा. हे कळलं आणि संघपालला वाटलं आता आपल्याला रडू येईल, जपानी शुजीला येतं तसं, आणि सगळं वाहून जाईल. पण पहिल्यांदा आलं ते रडू नव्हतं. पहिल्यांदा तोच जुना मत्सर आला. हेही यालाच जमलं! सगळं बघून गप्प राहणं, दार उघडत राहणं, हा मोठेपणाही शेवटी याच्याच लेनमध्ये गेला, आणि मी पुन्हा दुसरा. त्याला स्वतःचीच किळस आली आणि मग, का कोण जाणे, हसू आलं. त्याने ते लपवलं नाही. ओठांनी तेही सांगून टाकलं, सरळ प्रशिककडे बघत, प्रत्येक शब्दाला तोंड नीट उघडून. प्रशिकने वाचलं. खांदे गदगदा हलवत तो हसला, ते दात, पाण्यापलीकडचे. संघपालला ते दात अजूनही आवडले नाहीत. पण तो बघत राहिला.

"चाल," प्रशिकने खूण केली. त्याने माइक लावला, लॅपटॉप उघडला, प्रसंग काढला. संघपालने हाताने शेडच्या दिशेला दाखवलं, या आवाजात काय येणार आहे कपाळ? प्रशिकने खांदे उडवले आणि माइकच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. दाराशी प्रेमिलाबाई येऊन बसली, तांदूळ निवडायचं ताट मांडीवर घेऊन. पडद्यावर पाणी चमकलं. कैतोने हात पुढे केला. दोरीला लोंबकळणाऱ्या शुजीने वर बघितलं आणि तोंड उघडलं. संघपालनेही उघडलं. थकलो गा तुह्या पाठीकडे पाहू पाहू, तो म्हणाला. आवाज काढून म्हणाला, घसा ताणून, जरी तो आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचत नव्हता. जळलो तुह्यावर. बुडावा असं वाटलं तू. पण तू म्होरं नसता तर, तो म्हणाला आणि तिथे त्याची लिखाणाची शिस्त सुटली, शब्द पडद्याच्या पुढे गेले, मागे आले. मग काहीतरी अजून म्हणाला, जे शुजीचं नव्हतं, तलावाचं होतं, मारोतरावांचं होतं, आणि ते म्हणताना त्याच्या नाकातून पाणी आलं. प्रशिक पडद्याकडे बघत नव्हता. तो पूर्ण वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होता आणि दाराशी म्हातारीचे तांदळातले हात थांबले होते.

प्रसंग संपला. मागे माग चालूच होते. संघपाल धापा टाकत उभा राहिला आणि वाट बघू लागला. प्रशिक माइकला वळसा घालून आला आणि त्याच्या कानाला तोंड लावलं.

"अजून एकदा घे," तो ओरडला. "शेवटी त्याचं तोंड मिटते गा, तुह्यं उघडंच राह्यलं."

संघपालने बाहीने नाक पुसलं, मान डोलावली आणि पडद्याकडे तोंड करून उभा राहिला.